पॅराशूटमध्ये 'बाजूला' कुठे बसवायचं?

प्रश्न असा आलाय: "सर, मी लातूरला अभ्यासिकेत बसून सरळसेवा आणि पोलीस भरती अशी दोन्हीची तयारी करते. क्लासच्या नोट्समध्ये इंग्रजी उपसर्गांची यादी दिलीय. तिच्यात 'पॅरा म्हणजे बाजूला, शेजारी' असं आहे. पॅरलल आणि पॅराग्राफला ते जमतं. पण पॅराशूट, पॅराडाइज, पॅरामाउंट, पॅरासिटामॉल यांच्यात 'बाजूला' कुठे बसवू? उपसर्ग पाठ करून शब्द खरंच येतात, का यादी फेकून देऊ?"

यादी फेकू नकोस. तिचा दोष एवढाच की 'पॅरा' हा एकच उपसर्ग आहे असं धरून ती छापलीय. परभणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, आता स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना शिकवतो. ही यादी मी कितीतरी मुखपृष्ठांखाली पाहिलीय. 'पॅरा : बाजूला' आणि पुढे चार-पाच सोयीचे शब्द. अडचणीचे शब्द गाळलेले असतात, आणि पेपर काढणाऱ्याला नेमके तेच आवडतात.

इंग्रजीत 'पॅरा' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द निदान पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेत. सगळ्यात मोठा गठ्ठा ग्रीकचा. दुसरा लॅटिनमधून इटालियन-फ्रेंच वळसा घेऊन आलेला. तिसरा प्राचीन इराणी, चौथा जुन्या कोर्टकचेरीच्या फ्रेंचमधला, आणि पाचवा तर ब्राझीलमधल्या नदीकाठचा. लातूरच्या स्टँडवर एकाच फलाटाला आधी उदगीरची गाडी लागते, मग निलंग्याची, मग पुण्याची. फलाट एक म्हणून डेपो एक होत नाही, तसंच हे.

मग ओळखायचं कसं? 'पॅरा'कडे बघायचं नाही. 'पॅरा' काढल्यावर जे उरतं त्याच्याकडे बघायचं. ग्राफ, मीटर, डॉक्स, फ्रेज, लिसिस असे तुकडे उरले तर ते तू दुसऱ्या शब्दांत पाहिलेले असतात: टेलिग्राफ, थर्मामीटर, ऑर्थोडॉक्स, डायलिसिस. हे ग्रीक तुकडे. त्यांच्या पुढचा 'पॅरा' जवळजवळ नेहमी ग्रीकच असतो, आणि तिथे तुझ्या नोट्समधला अर्थ चालतो. उरलेला तुकडा ऊन, पडणं, छाती असल्या गोष्टींचा निघाला तर 'पॅरा' वेगळा. आणि काहीच ओळखीचं उरलं नाही तर शब्दकोश उघडायचा, अंदाज मारायचा नाही.

ग्रीकपासून सुरू करू. ग्रीक 'पॅरा' म्हणजे शेजारी हे खरं, पण शेजारी म्हटल्यावर पुढच्या दोन छटा आपोआप येतात. एक, शेजारी म्हणजे मुख्य गोष्टीच्या बाहेर, तिच्या पलीकडे. दुसरी, शेजारी म्हणजे नेम चुकून बाजूला गेलेलं, बिघडलेलं. या तीन छटा धरल्यास ग्रीक गठ्ठ्यातले बहुतेक शब्द सुटतात.

पॅराग्राफ घे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्येसुद्धा मोकळी जागा सोडायची पद्धत नव्हती, मग मजकूर तोडून मांडणं लांबच राहिलं. नाटकात बोलणारं पात्र बदललं किंवा विषय बदलला की लेखनिक डाव्या समासात, ओळीच्या सुरुवातीखाली, एक छोटी आडवी रेघ मारायचा. ही शेजारी लिहिलेली रेघ म्हणजे पॅराग्राफॉस. नाव होतं खुणेचं, पुढे ते दोन खुणांमधल्या मजकुराला चिकटलं. संगणकावर टंकताना कधीकधी उलट्या 'पी'सारखी दोन दांड्यांची खूण उमटते ना, ती याच रेघेची वारसदार.

पॅरासाइट हा माझा आवडता. उरलेला तुकडा 'सिटॉस', म्हणजे धान्य, अन्न. पॅरासिटॉस म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवणारा. आधी अथेन्समध्ये हा मानाचा शब्द होता, देवळाच्या जेवणावळीत पुजाऱ्यांच्या पंगतीला बसणाऱ्याला तो लावत. नंतरच्या ग्रीक विनोदी नाटकांनी त्याची रया घालवली. श्रीमंताची हांजी हांजी करायची, विनोद सांगायचे आणि त्याच्या ताटावर हात मारायचा, असं एक ठरलेलं पात्र त्यांत असायचं, त्याचं नाव पॅरासाइट. इंग्रजीत सोळाव्या शतकात शब्द आला तो या फुकट्या माणसासाठीच. झाडं, किडे, जंत यांना तो लावायला अठरावं शतक उजाडावं लागलं. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस ओढणारा टारफुला असतो, तो मुळातला अर्थ अगदी शब्दशः पाळतो: धान्याशेजारी बसून जेवतो.

पॅराडॉक्समधला 'डॉक्सा' म्हणजे मत, समजूत. सर्वांच्या समजुतीच्या पलीकडे जाणारं विधान म्हणजे पॅराडॉक्स. ऑर्थोडॉक्स म्हणजे सरळ, ठरलेल्या मताचा. निबंधात उदाहरण लागलं तर लांब जायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी आणावं लागलं, आणि त्याच टापूत भरमसाट पाणी पिणारा ऊस आणि साखर कारखाने होते. याला इंग्रजीत बिनधास्त पॅराडॉक्स म्हण.

पॅरालिसिसमधला 'लिसिस' म्हणजे सुटणं, ढिलं पडणं. एका बाजूचं सुटणं. खेड्यात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात आणि एका बाजूला हात करून दाखवतात, तो हातच या शब्दाचा अर्थ सांगतो. ॲनालिसिस, डायलिसिस यांतही हेच सुटणं आहे. पॅरानोइयात 'नूस' म्हणजे मन, ते ठिकाणावरून बाजूला सरकलेलं. पॅराफ्रेज म्हणजे मूळ बोलण्याशेजारी आपल्या शब्दांत केलेलं बोलणं. पॅरडी म्हणजे मूळ गाण्याशेजारी गायलेलं गाणं, त्यातला 'ओड' म्हणजे गाणं. हे एकदा वाचलं तरी पुरे.

पॅरामीटर आणि पेरिमीटर यांत मात्र घोटाळा होतो, तिथे जरा थांब. पेरिमीटरमधला 'पेरि' वेगळा. त्याचा अर्थ भोवती, आणि तो आपल्या 'परि'चा सख्खा भाऊ आहे. ग्रीक 'पेरि' आणि संस्कृत 'परि' एकाच प्राचीन शब्दापासून आले, आणि 'मेट्रॉन' आणि 'मिति' यांचा मापाचा धातूही एकच. म्हणून परिमिती आणि पेरिमीटर हे तुकड्या-तुकड्याने जुळतात. परिमिती आठवली की पेरिमीटरचा अर्थ आणि स्पेलिंगमधला 'ई' दोन्ही हाताला लागतात. पॅरामीटर मग उरतो तो 'शेजारचं माप', मुख्य राशीच्या जोडीला धरलेली राशी.

आता ग्रीक गठ्ठ्यातली सगळ्यात श्रीमंत गोष्ट. ग्रीकमध्ये 'बॅलेन' म्हणजे फेकणं, टाकणं. 'पॅराबोले' म्हणजे एका गोष्टीशेजारी दुसरी टाकणं, अर्थात तुलना. यातून दोन वाटा फुटल्या. एक भूमितीची: शंकू कापून मिळणाऱ्या एका वक्राला पेर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने हे नाव दिलं, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. घरावरच्या टीव्हीच्या डिशचा आकार तोच. मराठी गणिताच्या पुस्तकात त्याला अन्वस्त म्हणतात. पोरं हा शब्द डोळे मिटून पाठ करतात, पण त्याची फोड बघ: अनु अधिक अस्त. इथला 'अस्त' सूर्यास्ताचा नाही. 'अस्' धातूचा एक अर्थ फेकणं, अस्त्र हा शब्दही त्याचाच. अनु म्हणजे लगत. लगत फेकलेलं ते अन्वस्त. म्हणजे परिभाषा घडवणाऱ्याने ग्रीक शब्द उघडून त्याचे दोन्ही तुकडे संस्कृतात उतरवलेत. हायपरबोलाचा अपास्तही तसाच.

दुसरी वाट गोष्टींची. सांगायच्या मुद्द्याशेजारी तसलीच ओळखीची गोष्ट ठेवायची, म्हणजे मुद्दा कळतो. चक्रधरस्वामींनी हेच केलं, आपण त्याला दृष्टांत म्हणतो. बायबलमधल्या येशूच्या अशा गोष्टींना लॅटिनमध्ये 'पॅराबोला' आणि इंग्रजीत 'पॅरेबल' म्हणाले. चर्चमध्ये हा शब्द इतका ऐकू यायचा की बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घसरत घसरत नुसता 'शब्द', 'बोलणं' एवढाच उरला. त्याचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणं या रूपात आलं. जिथे बसून बोलतात ती सभा पार्लमेंट. जिथे बसून पाहुण्यांशी बोलतात ती खोली पार्लर, मग ती चहाची असो, आइस्क्रीमची असो की केस कापायची. कैद्याने परत येण्याचा शब्द दिला की त्याला सोडतात तो पॅरोल, फ्रेंचमध्ये पॅरोल म्हणजे नुसता शब्द. तेव्हा पार्लमेंट, ब्यूटी पार्लर, पॅरोल आणि छतावरची डिश ही चार भावंडं आहेत, आणि चौघांच्याही आत तो ग्रीक 'पॅरा' दबून बसलाय. तुझ्या यादीत यातला एकही शब्द नसणार, कारण यादी अक्षरं बघून केलेली असते.

पॅराफर्नेलियाही ग्रीकच. 'फेर्ने' म्हणजे हुंडा. हुंड्याच्या व्यतिरिक्त नवरी जे स्वतःचं घेऊन येते, कपडे, दागिने, घरगुती चीजवस्तू, ते पॅराफेर्ना. रोमन कायद्यात त्याला वेगळं स्थान होतं: हुंडा नवऱ्याच्या ताब्यात जायचा, हे बाईचं राहायचं. इंग्लंडच्या कायद्यातही लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची होई, पण तिचे कपडे-दागिने पॅराफर्नेलिया म्हणून वेगळे धरत, नवऱ्याला ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नसत. आपल्याकडच्या स्त्रीधनाशी ताडून बघ. कायदे तंतोतंत सारखे नाहीत, पण हुंडा आणि बाईचं स्वतःचं यांतली रेघ दोन्हीकडे ओढलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क मिळाला, तसं या शब्दाचं कायद्यातलं काम संपलं आणि उरला तो 'एखाद्या कामाचं सगळं किडुकमिडुक साहित्य' हा अर्थ. निवडणुकीच्या आदल्या दिवशी तहसीलमधून मतदान पथक जे गाठोडं उचलून निघतं, शाई, सील, पाकिटं, फॉर्म, सुतळी, मेणबत्ती, ते सगळं पॅराफर्नेलिया. शब्द दिसायला अनेकवचनी आहे, पण परीक्षेत क्रियापद एकवचनी दिलं म्हणून बिचकू नकोस, दोन्ही चालतं.

गेल्या शे-दीडशे वर्षांत या ग्रीक 'पॅरा'ला नवं काम लागलं: मुख्याच्या जोडीला, त्याच्या हाताखाली. पॅरामेडिक, पॅरालीगल, पॅरामिलिटरी. मराठीत आपण इथे फारसी 'निम' वापरून निमलष्करी म्हणतो. तू भरतीची पोरगी आहेस म्हणून खास सांगतो. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, ते पॅरामिलिटरी. आणि लष्करातले 'पॅरा कमांडो' म्हणतात ते वेगळे. तो 'पॅरा' पॅराशूटचा तुकडा आहे, त्याचा निमपणाशी काही संबंध नाही. एकाच मैदानावर धावणाऱ्या दोन पोरांच्या तोंडी 'पॅरा' असतो आणि दोघांच्या 'पॅरा'चं मूळ निराळं असतं. पॅराग्लायडिंग, पॅरासेलिंग, पॅराट्रूपर हे सगळे पॅराशूटवाले.

पॅरालिम्पिकची गंमत अजून वेगळी. लुडविग गुटमन या डॉक्टरांनी 1948 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी स्पर्धा भरवल्या. कमरेखालचं अंग लुळं पडणं म्हणजे पॅराप्लेजिया. त्यातला 'पॅरा' आणि ऑलिम्पिक जोडून शब्द तयार झाला. पुढे वेगवेगळ्या अपंगत्वांचे खेळाडू आले, तेव्हा तो अर्थ अपुरा पडला. आता अधिकृत अर्थ 'ऑलिम्पिकच्या शेजारी, बरोबरीने' असा सांगतात. मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं ते याच स्पर्धेत. शब्द तोच राहिला, त्याची व्युत्पत्ती मात्र मागाहून बदलून घेतली, असं क्वचित बघायला मिळतं.

पॅरासिटामॉलचं उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि इथे नोट्स तुला सरळ खड्ड्यात घालतील. बेंझीनच्या सहा कोपऱ्यांच्या कड्यावर दोन गट बसवायचे तर तीन शक्यता: लगतच्या कोपऱ्यांवर, एक कोपरा सोडून, किंवा अगदी समोरासमोर. त्यांना अनुक्रमे ऑर्थो, मेटा, पॅरा म्हणतात. म्हणजे शेजारी बसलेले ते ऑर्थो, आणि 'पॅरा' म्हणजे समोरासमोर! उपसर्ग ग्रीकच, पण रसायनवाल्यांनी त्याला आपल्या सोयीचं काम दिलं. पॅरासिटामॉल हे 'पॅरा-असेटिल-अमिनो-फिनॉल' या लांबलचक नावातली अक्षरं उचलून केलेलं नाव. शेतात तण मारायला वापरतात त्या पॅराक्वाटमधला 'पॅरा'ही हाच, कड्यातल्या जागेचा. जाता जाता सांगतो, पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर नेमका उतारा नाही. त्याचा डबा घरात, पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

आता तुझं पॅराशूट. लॅटिन 'परारे' म्हणजे तयारी करणं. इटालियनमध्ये त्याला 'अडवणं, वार चुकवणं' असा अर्थ आला. तलवारबाजीत वार अडवतात त्याला इंग्रजीत 'पॅरी' म्हणतात, तो हाच. सोले म्हणजे सूर्य, म्हणून पॅरासोल म्हणजे ऊन अडवणारी. पेत्तो म्हणजे छाती, म्हणून पॅरापेट म्हणजे छातीचं रक्षण करणारी, छातीएवढी भिंत. किल्ल्याच्या तटावर सैनिक जिच्याआड उभा राहायचा ती. नळदुर्ग किंवा परांड्याच्या तटावर चढून उभी राहिलीस तर शब्दकोश लागणार नाही. आज गच्चीच्या कठड्याला इंजिनिअर पॅरापेट म्हणतात आणि गवंडी 'पॅराफिट', तीही त्याच शब्दाची शेवटची पिढी. फ्रेंचांनी याच साच्यात पावसाची छत्री बसवली, पॅराप्लुई. आणि शूट म्हणजे फ्रेंचमध्ये पडणं. पडणं अडवणारं ते पॅराशूट. लुई-सेबास्तियां लेनोर्मां याने 1783 मध्ये माँपेलियेच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी मारून ते दाखवलं, आणि नावही त्याचंच. गोळी मारण्याच्या 'शूट'शी त्याचं नातं नाही, स्पेलिंगच वेगळं आहे.

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मैदानावर होते ती परेडसुद्धा याच 'परारे'ची. प्रिपेअर, रिपेअर, ॲपरेटस हेही. त्यांच्यात 'पॅरा' पुढे दिसत नाही एवढंच.

पॅराडाइज इराणी आहे. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत 'पइरि-दएझ' म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. 'पइरि' म्हणजे पुन्हा आपला परि. 'दएझ'चं नातं संस्कृत 'दिह्' धातूशी, म्हणजे लिंपणं, थापणं. देह हा शब्द त्याच धातूचा, आणि इंग्रजीत मळलेल्या कणकेला 'डो' म्हणतात तोही याच कुळातला. मातीचे थर थापून उभी केलेली भिंत, तिच्या आत पाणी, झाडं, सावली. इराणी राजांच्या असल्या बागा झेनोफन या ग्रीक लेखकाने पाहिल्या आणि शब्द ग्रीकमध्ये नेला. पुढे बायबलचं ग्रीक भाषांतर करताना ईडनच्या बागेला हाच शब्द वापरला, आणि बागेचा स्वर्ग झाला. अरबी 'फिरदौस' याच शब्दाचं रूप. आपल्याकडे किती मुलींचं नाव फिरदौस असतं, त्यांना त्यांच्या नावात भिंत आहे हे सांगून बघ.

ही भिंत बघायची असेल तर छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबरा बघ. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ती कबर, सतराव्या शतकात बांधलेली. लोक घुमटाचा फोटो काढतात आणि ताजमहालाशी तुलना करून परत फिरतात. तू घुमटाकडे पाठ करून उभी राहा. चारी बाजूंनी उंच कोट, आत पाण्याच्या चरांनी चार भागांत तोडलेली बाग. चारबाग म्हणतात ती हीच, इराणी पॅराडाइजचा दख्खनमधला नमुना. बाहेर मे महिन्याचा फुफाटा आणि आत पाणी, हे एकदा अंगावर घेतलं की कोरड्या मुलखातल्या लोकांना स्वर्ग भिंतीआड का सुचला ते कळतं. मराठवाड्याच्या माणसाला तर लगेच कळतं.

पॅरामाउंटवर पोरं हमखास फसतात, कारण आपल्या कानाला त्यात 'परम' ऐकू येतं, आणि अर्थही 'सर्वोच्च' असल्याने जोडणी पक्की वाटते. खूप मागे, भाषांच्या आदिकुळापर्यंत गेलं तर कुठेतरी नातं लागेलही, पण हा शब्द 'परम'च्या वाटेने आलेला नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीनंतर कोर्टात फ्रेंच चालायची. तिच्यात 'पार' म्हणजे -ने, -कडून, आणि 'आमाँ' म्हणजे वर, शब्दशः डोंगराकडे. सगळ्यांच्या वरचा जमीनदार तो लॉर्ड पॅरामाउंट. सगळ्यांत खालचा कूळ तो टेनंट पॅराव्हेल, त्यात 'आव्हाल' म्हणजे दरीकडे. दरीतला शब्द मेला, डोंगरावरचा टिकला.

आणि आपल्या इतिहासात तो चांगलाच गाजला. इंग्रज स्वतःला हिंदुस्थानातली 'पॅरामाउंट पॉवर' म्हणवत. निजाम मीर उस्मान अली खानाने वऱ्हाडच्या प्रश्नावर बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार सुरू केला, तेव्हा 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला लिहून कळवलं की ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क सांगू नये. 1947 च्या स्वातंत्र्य कायद्याने ही पॅरामाउंटसी संपुष्टात आली, ती कुणाकडे सोपवली गेली नाही. ती संपली म्हणजे आता आपण स्वतंत्र, असा अर्थ निजामाने काढला. पुढचं वर्ष मराठवाड्याने कसं काढलं ते तुझ्या आजी-पणजीच्या पिढीला माहीत होतं. रझाकार, जंगल सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प, आणि 17 सप्टेंबर 1948. मुक्तिसंग्रामावर प्रश्न आला आणि त्यात 'पॅरामाउंटसी' दिसलं, तर आता अडखळणार नाहीस.

याच 'पार'चा आणखी एक शब्द पॅरामूर, 'प्रेमाने'. आज अर्थ लग्नाबाहेरचा जोडीदार. पेपरात क्वचित येतो.

राहिले दोन सुटे. पॅराफिन: कार्ल रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये लाकडाच्या डांबरातून मेणासारखा पदार्थ काढला. तो कशाशीच लवकर संयोग पावेना, म्हणून लॅटिन 'पारुम' म्हणजे थोडं आणि 'अफिनिस' म्हणजे नातेवाईक असं जोडून नाव ठेवलं. कुणाशी फारसं नातं न ठेवणारा. इथे 'पॅरा' असा तुकडाच पडत नाही. दुसरा शब्द तुझ्या गावाकडच्यांना माहीत असेल: पॅरा गवत. कालव्याच्या पाण्याने चिबड झालेल्या जमिनीत, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे जनावरांसाठी लावतात. हा 'पॅरा' म्हणजे ब्राझीलमधलं पारा राज्य. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ मोठी नदी, समुद्र. पॅरा रबरही तिथलंच.

आता यादीचं काय करायचं. एका पानावर मध्ये 'पॅरा' न लिहिता पाच रकाने पाड, 'शेजारी', 'अडवणं', 'भोवती भिंत', 'पार', आणि 'बाकी'. नवा शब्द दिसला की तो कोणत्या रकान्यात जातो ते आधी उरलेल्या तुकड्यावरून ठरव, मग शब्दकोश बघ. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी चौकटी कंसात बारीक अक्षरांत मूळ दिलेलं असतं. पोरं ती ओळ गाळतात, तू तीच आधी वाच. सरावाला पॅरागॉन घे, चपलेवर रोज दिसणारा. आदर्श, नमुना असा त्याचा अर्थ पाठ असेल. मुळात तो इटालियनमध्ये कसोटीचा दगड होता, आणि त्यामागे ग्रीकमधला धार लावायचा दगड. म्हणजे दिसतो इटालियन, रकाना मात्र 'शेजारी'चाच.

तू विचारलं नाहीस, पण मूळ कळल्याचा नगदी फायदा स्पेलिंगमध्ये होतो. पॅरललमध्ये 'एल' किती आणि कुठे यावर दरवर्षी गुण जातात. 'पॅरा' संपल्यावर पुढे ग्रीक 'अलेलॉन' आहे, म्हणजे एकमेकांच्या, आणि त्यात पहिल्यांदा जोडी 'एल', मग एकटा. म्हणून पॅरललमध्ये आधी दोन 'एल', शेवटी एक. पॅरालाइजमध्ये 'आय' नाही 'वाय', कारण लिसिसमध्ये 'वाय' आहे. पॅराफिनमध्ये 'एफ' दोन, कारण ते अफिनिसमध्ये दोन आहेत. 'पॅ'च्या लगेच पुढचा 'आर' मात्र या सगळ्यांत एकच. तिथे लागोपाठ दोन 'आर' दिसले की पर्याय खोडायचा. फक्त पॅरीला हा नियम लावू नकोस, तिथे 'आर' दोनच आहेत.